डुलकी

९ मार्च २०१४

खांब्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर फाडू नकोस. आधी आतली सीडी काढून घे, ती बिचारी निरपराध आहे.

सव्वादोन वर्षं झाली. मी इस्पितळात तुझ्या खाटेपाशी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास, आणि त्यानंतर माझा एकही फोन घेतला नाहीस. नवा पत्ता तुझ्या वहिनीकडून काढला. तिला रागावू नकोस, मी फार गोड बोलले.

बातमी अशी, की मी एकटीने रेकॉर्ड काढली. नऊ गाणी. सगळी माझ्या भाड्याच्या खोलीच्या न्हाणीघरात गायली, कारण तिथेच आवाज गोल येतो. वरच्या काकांनी नळ सोडला की थांबायचं, बंद केला की पुन्हा पहिल्या ओळीपासून. सकाळी पाट्या रंगवायच्या दुकानात काम करते. 'कुत्र्यापासून सावध' मी आता डोळे मिटून लिहू शकते. तिथे डब्याच्या तळाला उरलेला रंग घरी आणून दोनशे मुखपृष्ठं हाताने रंगवली. एकासारखं दुसरं नाही. तुझ्याकडे आलंय ते पहिलं.

कार्यक्रम होतात, पण छोटे. चाळीस खुर्च्या, त्यातल्या पंधरा भरलेल्या. पुस्तकांच्या दुकानाची मागची खोली, एकदा तर सायकलींचं गॅरेज. मी, गिटार आणि एक दिवा. लोक शांत बसून ऐकतात. आपल्या तिघांच्या वेळी कुणी कधी शांत बसलं होतं का?

एक सांगू? गड्याचा चौथा ठोका केसभर उशिरा पडायचा, आठवतं? तू त्यावरून किती वेळा भांडलास. आता माझ्या गाण्यात ड्रमच नाहीत, तरी चौथ्या ठोक्याला मी आपोआप थांबते. त्याच्यासाठी. लोकांना वाटतं ती माझी शैली आहे.

परत येतोस का? बेस वाजवायला मला दुसरं कुणी नको. तू नुसता उभा राहा, नेहमीसारखा, खांबासारखा.

तुझी,
टिटवी


३० मार्च २०१४

टिटवे,

सीडी मिळाली. ऐकली नाही. मुखपृष्ठ पाहिलं, कपाटात उभं ठेवलं आहे. चांगलं आहे.

मी येणार नाही. बेस विकला. मी आता दातांच्या प्रयोगशाळेत काम करतो. दंतवैद्य माप पाठवतात, आम्ही कवळ्या बनवतो. दिवसाला पाच-सहा. समोर जबडे मांडलेले असतात, सगळे हसत असतात आणि कुणी काही बोलत नाही. मला बरं वाटतं तिथे.

गाडी चालवत नाही. लायसन्स गेलंच होतं, न्यायाधीशांनी वय पाहून बाकी सोडून दिलं. नंतर पुन्हा काढायला सांगत होते, मी गेलो नाही. बसने जातो. बसमध्येही उभा राहतो, बसलो की डोळे जड होतील असं वाटतं.

रविवारी गड्याच्या आईकडे जातो. मावशींचं कपडे दुरुस्तीचं दुकान रविवारी बंद असतं. त्यांना आता जवळचं नीट दिसत नाही, म्हणून मी आठवड्याच्या सुया ओवून ठेवतो. पांढऱ्या सहा, काळ्या सहा, बाकी रंगांच्या एकेक. पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडतील की नाही, माहीत नव्हतं. त्यांनी उघडलं. म्हणाल्या, "झोप कुणाला चुकली आहे? माझा पोरगाही झोपेतच होता. झोपेत गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. ही केवढी कृपा आहे." त्या एका वाक्यावर ती बाई उभी आहे. मीही.

मला त्या दुपारचं काहीच आठवत नाही. सकाळी चहा प्यायलो, व्हॅनमध्ये सामान भरलं, इथवर आठवतं. त्यापुढे इस्पितळाचं छत. मी पेंगलो हे मला तुझ्या जबाबावरून कळलं. तुम्ही दोघं झोपला होतात, तुमचा काय दोष.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकवत नाही, त्याच्यामागे ड्रम येतात. लिहायचं असेल तर लिही. कागदावर चालेल.

खांब्या


१७ जून २०१५

खांब्या,

उत्तराला सव्वा वर्ष लावलं. तीनदा लिहायला बसले आणि तीनही वेळा कागदावर चित्र काढून उठले.

इकडे बरं चाललंय म्हणायचं. गॅरेजातल्या पंधरांचे शंभर झाले. एका संगीताच्या मासिकात माझ्यावर पानभर आलं, त्यात मला 'रंगांची गायिका' म्हटलंय. पाट्यांच्या दुकानाच्या मालकाने ते कापून भिंतीवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला म्हणून झापलं.

ड्रम वाजवायला माणूस ठेवला. छान वाजवायचा. तीन महिन्यांत सोडून गेला. जाताना म्हणाला, "ताई, मी वाजवतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागे बघता." दुसरीला ठेवलं, ती दोन महिने टिकली. मी तिला म्हणे सारखं सांगायची, चौथा थोडा मागे ठेव, अजून मागे. मला तर आठवतही नाही असं म्हटलेलं.

चित्रं खूप होतायत. माणसं नसतात त्यांत, नुसता रस्ता असतो. रस्ता रंगवणं सोपं वाटतं ना? राखाडी घ्यायचा आणि ओढायचा. पण रस्त्याचा राखाडी मला अजून सापडलेला नाही. माझा एक तर ओला होतो, नाही तर मेलेला.

तुझ्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींना उत्तर देत नाहीये, कळतंय मला. तू मावशींकडे जातोस ते वाचून दिवसभर काही खाल्लं नाही, एवढंच सांगते.

एक नवीन गाणं केलंय. तुला कदाचित आवडणार नाही. कदाचित तुझ्या कानावरही येणार नाही, माझी गाणी कुठे एवढी लांब जातात.

टिटवी


२ नोव्हेंबर २०१७

टिटवे,

आलं कानावर.

आमच्या प्रयोगशाळेत खिडकीत रेडिओ आहे. दिवसातून चारदा लागतं. बसमध्ये लागतं. परवा कवळी न्यायला आलेल्या आजोबांनी नवे दात बसवून पहिल्यांदा काय म्हटलं असेल तर ते तुझं गाणं:

एक डुलकी, एवढीशी, पापणीएवढी,
आणि रस्ता गेला निघून पुढे, आपण मागे.

आमची बाकीची माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. त्यांना कुणालाच माहीत नाही की ती डुलकी माझी आहे.

सहा वर्षं झाली. मी रोज रात्री उशीला पाठ लावून बसतो आणि डोळा लागला की दचकून उठतो. मला झोपेचीच भीती बसली आहे, टिटवे. आणि आता सगळं शहर माझ्या डुलकीवर पायाने ठेका धरतं. तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. समोर येऊन दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू चाल लावलीस.

मला खरा त्रास वेगळाच आहे. मावशींनी मला ते गाणं आणून द्यायला सांगितलं. त्यांच्या गाणी ऐकायच्या छोट्या यंत्रावर घालून दिलं. शिलाईचं मशीन चालवताना लावतात. म्हणतात, बघ, किती अलगद गेला म्हणून सांगते ही पोरगी. त्यांना ते अंगाईसारखं वाटतं. मी समोर बसून सुया ओवतो आणि ऐकतो.

माझ्यावर गाणं करायचं होतं तर एकदा विचारायचंस.

खांब्या


१९ नोव्हेंबर २०१७

खांब्या,

ते तुझ्यावर नाही. देवाशपथ नाही. कसं नाही ते मला लिहिता येत नाही, पण तुला दोष द्यायला मी ते गाणं केलेलं नाही, एवढं मान.

तू म्हणशील तर ते गायचं बंद करते. खरंच. मात्र ते माझ्या हातात किती राहिलंय, कुणास ठाऊक. एका मोठ्या कंपनीने मला घेतलं. आता माझ्या मागे तीन वादक आहेत, गाडी आहे, चालक आहे. मी चालकाच्या शेजारी बसत नाही, सगळ्यात मागे बसते. त्याला वाटतं मला मोठेपणा आलाय. कार्यक्रमात शेवटी लोक ते गाणं मागतात आणि मी सुरू केलं की तेच गातात, मला गावंच लागत नाही. हजार माणसं एका सुरात 'एक डुलकी' म्हणतात, चौथ्या ठोक्याला माझ्यासारखी थांबतात. त्या थांबण्यात मला काय ऐकू येतं ते तुला सांगायला नको. हल्ली मी गाताना डोळे उघडे ठेवते. मिटले की तो फार जवळ असतो.

मावशींचं वाचलं. पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही.

पुढच्या वर्षी नवी रेकॉर्ड येईल. या वेळी मोठी तबकडी काढतायत, जुन्या पद्धतीची, म्हणजे मुखपृष्ठही हातभर. चित्र माझंच असणार. त्याच सुमारास माझ्या चित्रांचं प्रदर्शनही ठरतंय, अकरा चित्रं. मुखपृष्ठाचं चित्र मी पाच वर्षं करतेय. चार वेळा पांढरा फासून पुन्हा केलं. आता नाही पुसणार. पहिली प्रत तुला पाठवेन.

टिटवी


८ सप्टेंबर २०१८

टिटवे,

तबकडी आली. मुखपृष्ठ खिडकीत नेऊन उजेडात पाहिलं.

गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता आहे. पुढे उभा ट्रक. ट्रकमधून फळ्या बाहेर आल्या आहेत आणि मधल्या फळीच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं आहे. फडक्याला पांढरे ठिपके आहेत. वर आरशात गड्या आहे. पुढे वाकलेला, डोळे उघडे, हसतो आहे.

मी खटल्याचे सगळे कागद वाचले आहेत. एकदा नाही, पन्नासदा. त्यांत ट्रक आहे, फळ्या आहेत. फडकं कुठेच नाही. म्हणून काल कामाला दांडी मारून कोर्टाच्या दप्तरात गेलो. तिथल्या बाईंनी तळघरातून गठ्ठा काढून दिला. फोटोंच्या शेवटच्या पाकिटात एक फोटो आहे, जमिनीवर पडलेल्या फळीचा. तिला फडकं आहे. पांढऱ्या ठिपक्यांचं.

टिटवे, तू झोपली होतीस ना?

खांब्या


१५ सप्टेंबर २०१८

खांब्या,

नाही.

हे चित्र बघून कुणीतरी विचारावं म्हणूनच मी ते पुसलं नसेल. तूच विचारशील, हे मला माहीत होतं बहुधा. आता सगळं लिहिते. मध्ये थांबू नकोस.

आदल्या दिवशीच्या कार्यक्रमानंतर गड्या ड्रमच्या पेटीवरच झोपला होता, तोंड उघडं टाकून. मी सकाळी त्याचं रेखाटन केलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला आपण निम्म्या वाटेत होतो. ऊन तिरपं होतं. तू एकदम जागा होतास. शीळ घालत होतास. गड्या मागे जागाच होता, काठ्यांनी माझ्या सीटच्या पाठीवर वाजवत होता. मी वही काढली आणि तुला म्हटलं, बघ याचं ध्यान. तू म्हणालास, "टिटवे, गाडी चालवतोय." मी म्हटलं, एकदाच बघ. तू बघेनास, म्हणून मी वही तुझ्या तोंडासमोर धरली. स्टिअरिंगच्या वर, काचेच्या आड. तू हसलास. गड्या मागून पुढे वाकला, दाखव दाखव म्हणत, आणि तोही हसला. मी आरशात त्याला बघत होते, त्याचं तोंड बघायला. मग नजर काचेबाहेर गेली आणि ते फडकं दिसलं. दोन तास माईकवर ओरडणारी बाई मी. तोंडून 'अरे' एवढंही निघालं नाही.

तू पेंगला नव्हतास. एक क्षणही नाही.

इस्पितळात फौजदार आला तेव्हा माझ्या हाताला टाके घालत होते. भला माणूस होता. त्याने हळूच विचारलं, "तुम्ही झोपला होतात का?" मी मान डोलावली. "मागचा मुलगाही?" पुन्हा डोलावली. "म्हणजे चालवणाऱ्याचा डोळा लागला असणार." मी काही बोलले नाही. तेवढंच. मला वाटलं तू शुद्धीवर आलास की सांगशीलच, आणि मग मी रडून कबूल करेन. तू शुद्धीवर आलास आणि तुला काही आठवेना. तोवर मावशींना कुणीतरी सांगितलं होतं की तो झोपेत गेला. त्यांनी माझा हात धरून म्हटलं, बरं झालं गं. त्यानंतर माझी जीभ जी टाळूला चिकटली ती आजवर.

'डुलकी' मी का केलं, ते आता तुला कळेल. खोटं चालीवर बसवलं की पाठ होतं. मला ते पाठ करायचं होतं. मी ते इतक्या वेळा गायले की काही दिवस मला खरंच वाटायचं मी झोपले होते. मग चित्र काढायला बसले की हात सांगायचा, नाही.

माझं नाव, माझे कार्यक्रम, ते मासिकातलं पान, सगळं तुझ्या झोपेवर उभं आहे, आणि तू तर झोपलाच नव्हतास. तू सांगशील ते करते. पोलिसांकडे जाते, स्टेजवरून सांगते.

टिटवी


६ ऑक्टोबर २०१८

टिटवे,

तीन आठवडे लिहू शकलो नाही. पत्र खिशात घेऊन कामावर जात होतो. एक कवळी उलटी बसवली, वरची खाली. मालक म्हणाला, घरी जा.

घरी येऊन दुपारी आडवा झालो आणि संध्याकाळपर्यंत झोपलो. न दचकता. सात वर्षांत पहिल्यांदा. उठलो तेव्हा तुझा एवढा राग आला की कपाटातलं तुझं पहिलं मुखपृष्ठ काढून फाडलं. चार तुकडे केले. मग आठ. माझी सात वर्षं तू मला न विचारता वापरलीस. त्यांचं काय करायचं ते मला अजून कळत नाही, म्हणून त्यावर आज लिहीत नाही.

आज लिहितो आहे ते मावशींसाठी. त्यांना सांगू नकोस. तू नक्की त्यांच्याकडे जायचा विचार करत असशील, मी ओळखतो तुला. जाऊ नकोस. तो झोपेत गेला, या एका वाक्यावर त्या बाईने मशीन चालवलं आहे. ते काढून घेतलंस तर तिच्या हातात काय राहील? तुझं मन हलकं करायला तिचं जड करू नकोस. मी पेंगलो असंच राहू दे. मला सवय आहे.

आणि स्टेजवरून तर मुळीच सांगू नकोस. तिथे टाळ्या पडतात.

खांब्या


६ ऑक्टोबर २०१८

खांब्या,

तुझं पत्र येत नाही, म्हणून मी वाट बघणं सोडलं. काल पोलीस ठाण्यात गेले. जबाब लिहून दिला. तिथल्या साहेबांनी जुनं प्रकरण शोधलं, म्हणाले बंद झालंय, वरती कळवतो, आणि माझी सही घेतली. मग त्यांच्या मुलीसाठी आणखी एक सही मागितली. मी दिली नाही.

आज सकाळी मावशींच्या दुकानात गेले.

त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. कुणाच्या तरी पँटची कंबर सैल करत होत्या. बस म्हणाल्या. मी उभ्यानेच सांगितलं, तुला लिहिलं तसंच, क्रमाने. त्या मशीन चालवत राहिल्या. मी म्हटलं, तो जागा होता, तेव्हा मशीन थांबलं.

"जागा होता?"

हो म्हटलं. हसत होता, आम्ही तिघंही हसत होतो. वही बरोबर नेली होती. ती उघडून समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून फार वेळ पाहिलं. मग विचारलं, "त्याला तो ट्रक दिसला का?"

खांब्या, मला खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला तो दिसल्यावर मी गड्याकडे बघितलं नाही."

त्या म्हणाल्या, "बघायला हवं होतंस."

मग वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ऊठ, गिऱ्हाईक यायची वेळ झाली. मी उभीच होते. दाराशी पोचले तेव्हा मागे मशीन सुरू झालं. बाहेरच्या पायरीवर थोडा वेळ बसून मी ते ऐकलं. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

कंपनीला सांगितलंय की 'डुलकी' मी यापुढे गाणार नाही. ते म्हणतात करार आहे. असू दे.

टिटवी


११ जानेवारी २०१९

टिटवे,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं उघडलं आणि पहिल्यांदा वाटलं, येऊन तुझी गिटार तुझ्याच डोक्यात घालावी. तेव्हा उत्तर लिहिलं असतं तर ते वाचणं तुला सोसलं नसतं. म्हणून थांबलो.

पुढच्या रविवारी मावशींकडे गेलो. दार उघडलं नाही. आत चालण्याचा आवाज येत होता. त्यानंतरच्या रविवारीही नाही. मी दारातल्या पायपुसण्यावर सुयांची डबी ठेवून आलो. असे आठ रविवार गेले. नवव्याला दार आधीच उघडं होतं. त्या बाहेर जायच्या कपड्यांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला ती जागा दाखव."

सात वर्षांत त्या तिथे गेल्या नव्हत्या. मीही नाही. बसने गेलो. मी नेहमीप्रमाणे उभा राहिलो, तर मला हात धरून खाली बसवलं. "तू काही झोपत नाहीस," म्हणाल्या. एवढंच. त्या विषयावर त्यांनी मला दुसरं काही म्हटलं नाही, आणि मला ते पुरलं. मी खिडकीकडे तोंड केलं, त्यांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

उतरलो. रस्ता आता दुप्पट रुंद आहे. मधोमध भिंत घातली आहे. एका बाजूला फरशांचं दुकान झालं आहे, दारात नमुन्याच्या फरशा उभ्या केलेल्या. मावशी पर्स पोटाशी धरून कडेला उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, ट्रक कुठे उभा होता. मला सांगता येईना. तुमची गाडी कुठून येत होती, ऊन कुठल्या बाजूला होतं, तो कुणाच्या मागे बसला होता. एकाही प्रश्नाला उत्तर नाही. मला वाटलं होतं, डोक्याला नाही तर पायांना तरी ओळख पटेल. मी दोनदा पुढे-मागे चाललो. फरशीवाला बाहेर येऊन विचारून गेला, काही हरवलं का.

मावशी म्हणाल्या, "तुला खरंच काही ठाऊक नाही."

नाही म्हटलं.

"तिला ठाऊक आहे."

हो म्हटलं.

परतीच्या बसमध्ये त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं आता रडतील. नाही रडल्या. आपला थांबा आला तेव्हा उठता उठता म्हणाल्या, "तिला बोलाव. माझा राग आहे तिच्यावर आणि तो राहणार आहे. पण त्याला शेवटचं तिने पाहिलं."

माझाही राग आहे, तो मी लपवत नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही, आणि खोटं लिहायचा मला आता कंटाळा आला आहे. 'डुलकी' बंद केलंस ते वाचलं. रेडिओवर अजून लागतं. लागू दे. मावशींनी त्यांचं गाण्याचं यंत्र गुंडाळून ठेवलं आहे.

पुढच्या गुरुवारी ये. आम्ही सकाळी नऊच्या बसने निघू, अकराला फरशीच्या दुकानासमोर असू. चालकाला घेऊन येऊ नकोस, बसने ये. वही आण. मावशी विचारतील तेवढं सांग, आणि विचारलं तर काही गाळू नकोस. त्यांनी हात धरला तर धरू दे, नाही धरला तर तू पुढे करू नकोस.

मी तुम्हा दोघींच्या थोडा मागे उभा राहीन. तिथे काय झालं ते मीही पहिल्यांदाच तुझ्या तोंडून ऐकणार आहे. सावकाश सांग.

खांब्या